एकही फट न ठेवता

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचं काम चाललं होतं. नागमोडी कडांचे ते सिमेंटचे ठोकळे तुम्ही फुटपाथवर, पेट्रोल पंपावर पाहिले असतील. गवंड्याचा हात भराभर चालत होता. ठोकळा उचलायचा, शेजारच्या ठोकळ्याच्या खाचेत सरकवायचा, हातोडीचे दोन ठोके, की पुढचा. ओपीडी संपवून मी दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो. साहेबांना कामात काही खोट दिसली की काय, म्हणून मुकादम लगबगीनं आला. खोट काही नव्हती. एकाच आकाराचा ठोकळा कितीही वेळा मांडला तरी मधे फट राहत नाही आणि एकावर दुसरा चढतही नाही, एवढंच मी बघत होतो. फक्त भिंतीपाशी पोचल्यावर त्याला ठोकळा तोडावा लागत होता.

अशा रचनेला टेसलेशन म्हणतात. आपण तिला फरसबंदी म्हणू. अटी दोनच: फट नको आणि एकावर एक चढायला नको. गेली चार वर्षं मी रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर अशा फरसबंदीची चित्रं काढतो. नेत्रतज्ज्ञाला ही सवय कशी लागली, ते सांगतो.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कॉर्नियावर तास घ्यायचा होता. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूची पारदर्शक काच. तिच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी असतात. पुस्तकातला फोटो पडद्यावर धूसर दिसायचा, म्हणून म्हटलं आपणच काढू. स्लाइडवर एक षटकोन काढला, कॉपी केला, पेस्ट केला, बाणाच्या बटणानं सरकवत शेजारी नेला. पहिली ओळ बरी जमली. पाचव्या ओळीपर्यंत सगळं पोळं वाकडं झालं, कुठे फटी, कुठे षटकोन एकमेकांवर चढलेले. आमची एक निवासी डॉक्टर मागून बघत होती. ‘सर, हे हातानं कशाला करताय?’ असं म्हणून तिनं माझ्या लॅपटॉपवर ‘इंकस्केप’ नावाचा प्रोग्रॅम टाकून दिला. तो फुकट मिळतो. त्यात चित्र ठिपक्यांनी नाही, तर बिंदू आणि रेषांच्या मापांनी साठवलेलं असतं. त्यामुळे कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर षटकोनापासून सुरुवात करू नका, चौकोनापासून करा. कंट्रोलचं बटण दाबून धरून चौरस काढा. आत एक रंग भरा, पण तो अर्धपारदर्शक ठेवा. का ते पुढे कळेल. कडेची रेघ काढून टाका. रेघ ठेवली तर प्रोग्रॅम तिची जाडीही मापात धरतो आणि फरशा तेवढ्या लांब पडतात. हे कळायला माझे दोन रविवार गेले. मग ‘पाथ’ या मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे चौरसाच्या कडा ओढता येतील. त्या एकट्या चौरसाचाच गट करून ठेवा. त्या गटात नंतर डोळा, पंख, खवले काय हवं ते घालता येतं. आता ‘एडिट’, त्यात ‘क्लोन’, त्यात ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’. एक खिडकी उघडेल. पहिलाच पर्याय ‘पी१’, म्हणजे नुसतं सरकवणं. आठ ओळी, आठ रकाने सांगा आणि बटण दाबा. चौसष्ट चौरस चिकटून उभे राहतील. न्हाणीघराची भिंत झाली म्हणा ना.

खरी गंमत यापुढे आहे. हे चौसष्ट चौरस म्हणजे एकाच मूळ चौरसाची प्रतिबिंबं आहेत. मूळ चौरसाच्या डाव्या कडेवर एक बिंदू वाढवा आणि तो बाहेर ओढा. चौसष्टही चौरसांना एकाच वेळी डावीकडे नाक फुटेल. पण ते नाक शेजाऱ्याच्या अंगात घुसलेलं असेल आणि जिथे घुसलं तिथला रंग गडद दिसेल, कारण दोन अर्धपारदर्शक रंग एकमेकांवर आले. म्हणून तो अर्धपारदर्शक ठेवायचा. आता उजव्या कडेवर त्याच उंचीवर बिंदू वाढवा आणि तेवढाच आत ढकला. सगळे गडद डाग नाहीसे होतील. डावीकडे जेवढं घेतलं तेवढं उजवीकडे सोडायचं, वर जेवढं घेतलं तेवढं खाली. नियम एवढाच. ग्रिड चालू ठेवलं की बिंदू नेमक्या जागी बसतात, डोळ्यानं अदमास घ्यावा लागत नाही.

हे करताना एक गोष्ट हाताला समजते, जी वाचून मला कधी समजली नव्हती. फरसबंदीत कुठल्याही आकाराला स्वतःची अशी कड नसते. प्रत्येक रेघ दोघांच्या मालकीची असते. माशाच्या पोटाची रेघ ओढली की शेजारच्या माशाची पाठ बदलते. माझा पहिला मासा असाच बिघडला. तोंड सुधारायला गेलो तर शेपटी गेली, शेपटी सुधारली तर तोंड गेलं. शेवटी जे झालं त्याला मी मासा म्हणत होतो. मुलीच्या मते ती चहाची किटली होती.

या कलेतला मोठा माणूस म्हणजे हॉलंडचा चित्रकार एम. सी. एशर. जन्म १८९८, मृत्यू १९७२. शाळेत गणित यथातथाच. स्पेनमधल्या ग्रानाडा शहरात अलहंब्रा हा मध्ययुगीन मुस्लिम राजवटीतला राजवाडा आहे. त्याच्या भिंतींवर रंगीत फरशांची नक्षी आहे. एशर तिथे १९२२ मध्ये गेला होता आणि १९३६ मध्ये पुन्हा गेला. या दुसऱ्या वेळी त्यानं पत्नीबरोबर बसून ती नक्षी वहीत उतरवून घेतली. तिथे सगळे आकार भूमितीचे होते. एशरला त्या जागी पक्षी, मासे, पाली हव्या होत्या. त्याचा सावत्र भाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. स्फटिकांच्या अभ्यासात हाच प्रश्न येतो, म्हणून भावानं त्याला शास्त्रीय लेख सुचवले. त्यात गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचा १९२४ चा एक लेख होता. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीच्या सममितीचे प्रकार फक्त १७ आहेत, असं त्यात दाखवलं होतं आणि प्रत्येकाचं एक चित्र होतं. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेडोरोव यांनी तेच १८९१ मध्ये सिद्ध केलं होतं. एशरला लेखातलं गणित फारसं कळलं नाही, पण चित्रं कळली, आणि त्यानं स्वतःची वेगळी वर्गवारी तयार केली. त्याचं ‘दिवस आणि रात्र’ हे १९३८ चं चित्र बघा. शेतांच्या चौकोनांतून वर जाता जाता पांढरे पक्षी एका दिशेला आणि काळे दुसऱ्या दिशेला उडतात. पांढऱ्यांकडे बघावं तर काळे नुसती पार्श्वभूमी होतात, काळ्यांकडे बघावं तर पांढरे. एका कडेचे दोन मालक, पण मेंदू ती एका वेळी एकालाच देतो.

इंकस्केपच्या त्या खिडकीत हेच १७ प्रकार ‘पी१’ पासून ‘पी६एम’ पर्यंत ओळीनं दिलेले आहेत. काहींत आकार फिरतो, काहींत आरशातल्यासारखा उलटतो, काहींत उलटून पुढे सरकतो, ओल्या वाळूतल्या डाव्या-उजव्या पावलांसारखा. स्फटिकशास्त्रातला एवढा जड विषय चित्रकलेच्या फुकट प्रोग्रॅममध्ये यादी होऊन पडलेला पाहून मला फार मजा वाटली होती.

आणि हे क्षेत्र पदवीवाल्यांचंच आहे असंही नाही. सर्व बाजू व कोन सारखे असलेल्या आकारांपैकी त्रिकोण, चौरस आणि षटकोन हे तीनच फरसबंदी करू शकतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन पंचकोन ठेवले तर ३६ अंशांची फट उरते, चौथा मावत नाही. पण बाजू लहानमोठ्या केल्या तर काही पंचकोन चालतात. ते कोणते? मार्जरी राइस या कॅलिफोर्नियातल्या गृहिणीनं १९७५ मध्ये मासिकातला एक लेख वाचला. गणिताचं शिक्षण फक्त शाळेपुरतं. त्यांनी स्वतःच्या खुणा, स्वतःची पद्धत तयार केली आणि कोणालाच माहीत नसलेले चार प्रकार शोधून काढले. असे एकूण प्रकार १५ आहेत, पुढे एकही नाही, ही सिद्धता २०१७ मध्ये आली. डेव्हिड स्मिथ हे इंग्लंडमधले, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ. २०२२ च्या नोव्हेंबरात ते कॉम्प्युटरवर आकारांशी खेळत होते. टोपीसारखा दिसणारा एक आकार वेगळाच वागतोय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तो पुठ्ठ्यातून कापून जुळवून बघितला. तो सगळीकडे फरसबंदी करतो, पण त्याची नक्षी कधीच नियमितपणे पुनरावृत्त होत नाही. असा एकच आकार गणितज्ञ कित्येक वर्षं शोधत होते. २०२३ च्या मार्चमध्ये स्मिथ आणि तीन अभ्यासकांनी मिळून त्याची सिद्धता मांडली.

आता ज्याच्यामुळे मी यात पडलो त्या षटकोनाकडे येतो. टोक वर असलेला षटकोन घ्या. त्याच खिडकीत दर ओळीला आडवं ५० टक्के आणि उभं उणे २५ टक्के सरकवायला सांगा, आडव्या सरकण्यापुढे ‘आल्टरनेट’वर खूण करा. पोळं तयार. एका बिंदूपाशी तीन षटकोन भेटतात, प्रत्येकाचे १२० अंश. ठरावीक क्षेत्रफळाच्या सारख्या कप्प्यांत जागा वाटायची तर कमीत कमी भिंत षटकोनाला लागते. लोक हे फार पूर्वीपासून धरून चालले होते. गणिती सिद्धता १९९९ मध्ये टॉमस हेल्स यांनी दिली.

तुमच्या डोळ्यातही हेच आहे. कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. एक पेशी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढी रुंद. निरोगी प्रौढ माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा अडीच ते तीन हजार पेशी असतात, लहान मुलांत त्याहून जास्त. डोळ्यातलं पाणी सतत कॉर्नियात झिरपतं आणि या पेशी ते सतत उपसून बाहेर टाकतात. उपसा थांबला की कॉर्निया फुगतो आणि पावसाळ्यात एसटीची काच धुरकट व्हावी तसा धूसर होतो.

या पेशींची अडचण अशी की मेलेल्या पेशीच्या जागी माणसाच्या डोळ्यात नवी पेशी तयार होत नाही. शेजारच्या पेशी पसरतात आणि जागा भरून काढतात. फट राहत नाही, पण पेशी कमी होतात. वयानुसार हे हळूहळू सगळ्यांचंच होतं. डोळ्याला मार लागणं, काचबिंदूचा तीव्र झटका, डोळ्याची शस्त्रक्रिया यांनी ते एकदम होतं.

मी एकदा हे इंकस्केपमध्ये करून पाहिलं. पोळ्यातले क्लोन मूळ षटकोनापासून तोडले, म्हणजे प्रत्येक स्वतंत्रपणे ओढता येईल असं केलं. मधला एक षटकोन पुसला आणि भोवतालच्या सहांचे कोपरे ओढून भोक बुजवायला बसलो. बुजलं, पण सहाच्या सहा षटकोन राहिले नाहीत. एक पाच बाजूंचा झाला की दुसरा कुठला तरी सात बाजूंचा व्हायचा. परत पुसलं, दुसऱ्या पद्धतीनं ओढलं, तरी तेच. प्रत्येक कोपऱ्यात तीनच कप्पे भेटू द्यायचे असतील तर सगळ्यांना षटकोनी ठेवून भोक बुजवताच येत नाही. बाजूंची सरासरी सहाच राहते, पण कोणाच्या तरी वाट्याला पाच आणि कोणाच्या तरी वाट्याला सात येतात. स्पेक्युलर मायक्रोस्कोप नावाचं यंत्र डोळ्याला न टोचता या थराचा फोटो काढतं. त्याच्या रिपोर्टमध्ये तीन आकडे महत्त्वाचे असतात: पेशी किती, लहानमोठ्या किती आणि षटकोनी शेकडा किती. हा तिसरा आकडा आम्ही पाठ करून पास झालो होतो. तो का घसरतो हे मला त्या रविवारी नीट कळलं.

मग मी दोन चित्रं छापली. एकात सरळ पोळं. दुसऱ्यात तेवढ्याच जागेत निम्म्याहून कमी पेशी, ताणलेल्या, वेड्यावाकड्या. ती मी ओपीडीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. तिथे मोतीबिंदूचे रुग्ण रोज येतात, आणि त्यातले बरेच जण ‘पिकू द्या मग बघू’ म्हणून थांबलेले असतात. यात त्यांचा दोष नाही. मी शिकत होतो त्या काळात आम्ही डॉक्टरच तसं सांगायचो. तेव्हाची शस्त्रक्रिया वेगळी होती, टाके बरेच पडायचे, आणि नजर अगदी अधू होईपर्यंत थांबण्यात अर्थ होता. आता उलट आहे. मोतीबिंदू जेवढा पिकतो तेवढा टणक होतो. टणक मोतीबिंदू फोडायला यंत्राची ऊर्जा जास्त लागते, किंवा तो अखंड बाहेर काढताना कॉर्नियाच्या आतल्या थराच्या अगदी जवळून न्यावा लागतो. दोन्हींत त्या षटकोनी पेशी मरतात. पिकलेला मोतीबिंदू फार दिवस राहिला तर डोळ्याचा दाबही वाढू शकतो. म्हणून रोजच्या कामात अडचण यायला लागली की दाखवा, दिसेनासं होण्याची वाट बघू नका.

मागच्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलासोबत आल्या. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपूर्वी झालेली, त्याचा कॉर्निया आता धूसर. डावा डोळा पांढराफटक पिकलेला. दिसायचा तो फक्त उजेड. डाव्या डोळ्याच्या पेशी मोजल्या, अकराशे भरल्या. पाचशेच्या आसपास आल्या की उपसा कमी पडायची भीती असते. म्हणजे शस्त्रक्रिया करता येत होती, पण हात राखून. आणि त्यातूनही कॉर्निया धूसरच राहिला तर दोन्ही डोळे गेल्यासारखेच.

मुलगा म्हणाला, ‘साहेब, जोखीम असेल तर राहू द्या. आहे तसं बरं.’ मी काचेखालची दोन्ही चित्रं त्याला दाखवली. आजींना ती दिसत नव्हती, मग त्यानंच त्यांना समजावून सांगितलं आणि चांगलं सांगितलं. आजींनी विचारलं, ‘मेलेल्या परत येत न्हाईत?’

‘नाही, आजी.’

‘मग हायेत त्या जपून वापरा. पर करा.’

केली. कॉर्नियाला झळ लागू नये म्हणून डोळ्यात दाट जेल भरतात. ती पुन्हा पुन्हा भरली आणि घाई अजिबात केली नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर कॉर्निया सुजलेला. आजींना जेमतेम बोटं मोजता आली. मुलगा काही बोलला नाही, ते जास्त जड गेलं. थेंब चालू ठेवले. चौथ्या दिवशी कडेनं थोडं स्वच्छ दिसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली. दीड महिन्यानं पेशी पुन्हा मोजल्या, नऊशेच्या जरा खाली. पुरतील असं वाटतं.

उजव्या डोळ्यासाठी त्यांचं नाव नेत्ररोपणाच्या प्रतीक्षा यादीत आहे. आता पूर्ण कॉर्निया बदलण्याऐवजी फक्त हा आतला पापुद्रा बसवता येतो. तो मिळतो नेत्रदानातून आलेल्या डोळ्यातून, आणि नेत्रपेढी तो देण्याआधी त्यातल्या पेशीही अशाच मोजून घेते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं. चष्मा होता, मधुमेह होता, वय झालं होतं, अशा कारणांनी नातेवाईक स्वतःच मागे हटतात. ती कारणं नेत्रदानाच्या आड येत नाहीत.

परवा आजी तपासणीला आल्या होत्या. मुलगा केसपेपर काढायला गेला, त्या एकट्याच आत येऊन बसल्या. माझ्या मागच्या भिंतीवर निवासी डॉक्टरांनी माझ्या माशांचं चित्र चिकटवलंय. त्याच्याकडे जरा वेळ बघून आजी म्हणाल्या, ‘सायेब, दवाखान्यात ह्या किटल्या कशाला लावल्यात?’